भुसावळच्या उन्हात चेहरा, केस, कपडे आणि कंबर : सुरुवात कुठून करायची?

मागच्या मे महिन्यात भाची आमच्याकडे भुसावळला राहायला आली, तिच्या बॅगेत अकरा बाटल्या निघाल्या. मी मोजल्या. सीरम, टोनर, अजून एक सीरम, स्क्रब, रात्रीचं क्रीम, डोळ्याखालचं क्रीम. त्यातलं व्हिटॅमिन सीचं सीरम तिने आमच्या पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं, आठव्या दिवशी ते पाण्यासारखं होतं त्याचं चहासारखं झालं. आणि पोरगी म्हणते, "मामी, माझं तोंड चरचरतंय, काय लावू?"

काही लावू नको म्हटलं. आधी काढ.

तेव्हा तिला जे जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कॉलेजला जाणाऱ्या पोरींसाठी, नवीन लग्न होऊन आलेल्यांसाठी, आणि माझ्यासारख्या ज्यांनी पस्तिशीपर्यंत स्वतःकडे बघितलंच नाही त्यांच्यासाठी पण. मी ब्युटी पार्लरवाली नाही आणि डॉक्टर तर नाहीच, पण चुका सगळ्या स्वतःच्या तोंडावर करून झाल्यात. एक गोष्ट पक्की कळलीय, ती रील्समधली पुण्या-मुंबईची रुटीनं आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाहीत. तिथे हवेत ओल असते, आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे मध्ये पारा ४५ ला टेकतो, हवा कोरडी, बोअरचं पाणी जड, आणि घरातून निघालं की काळ्या मातीची धूळ. आपलं रुटीन आपल्या हवेवरून ठरवायचं.

पहिलं काम : कपाटातून कमी करा

सुरुवात करणाऱ्या बाईला तीनच वस्तू लागतात. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बस. ज्याची तारीख संपली, रंग बदलला, वास बदलला ते फेकून द्या, पैसे गेले म्हणून हळहळत तोंडावर संपवायला जाऊ नका. बाकीचं नवीन काही आणलं तर एका वेळी एकच सुरू करायचं आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघायचं, खाज-लाली नाही आली तर मग तोंड. भाचीने चार गोष्टी एकाच आठवड्यात सुरू केल्या होत्या, आता त्यातलं नेमकं कोणतं बाधलं हे ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही.

स्वयंपाकघरातलं म्हणजे सगळं चांगलंच, असं पण नाही बरं का. लिंबू तोंडाला चोळून उन्हात गेलात तर जिथे रस लागला तिथे भाजल्यासारखे काळे डाग पडतात. खायचा सोडा तर नकोच, आपली कातडी थोडी आंबट बाजूची असते आणि सोडा एकदम उलटा, वरचं संरक्षणच काढून टाकतो. पुटकुळीवर टूथपेस्ट लावली की ती सुकते हे खरं, पण आजूबाजूची कातडी पण जळते आणि पुटकुळी जाऊन डाग राहतो. बेसन-दही आठवड्यातून एकदा ठीक आहे, ज्यांना सोसतं त्यांनी करावं. केळ्याचा फेसपॅक करणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की केळं रावेरचं असलं तरी ते पोटात जास्त काम करतं.

आता जरा नीट वाचा, कारण हे माझ्यावर बेतलंय. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आला (भरताचा नाही, चेहऱ्यावरचा). एका मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, म्हणाला ताई सगळ्या हीच नेतात. पंधरा दिवसांत तोंड असं उजळलं की शेजारच्या काकू पण तीच घेऊन आल्या. तीन महिन्यांनी गॅसपुढे उभी राहिले की गाल लालबुंद, हनुवटीवर बारीक लव, आणि ट्यूब बंद केली की तोंडाची आग. शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे गेले तर कळलं, त्यात स्टिरॉइड होतं. ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलेलं दिसलं तर ती गोरं व्हायची क्रीम नाही, ते औषध आहे, डॉक्टरने ठराविक आजाराला ठराविक दिवस द्यायचं. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये म्हणून शेड्यूल एच मध्ये टाकली, तरी काउंटरवरून मिळतातच. आणि आधीच कोणी बरेच महिने लावत असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, डॉक्टरला दाखवून हळूहळू सोडवा.

नायट्याचं पण हेच. घामाने जांघेत, छातीखाली गोल चट्टा उठतो, आपण लाजेपायी कोणाला दाखवत नाही, मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मिक्स मलम आणतो, चार दिवस खाज थांबते आणि मग चट्टा दुप्पट होऊन येतो. टॉवेल वेगळा ठेवा, कपडे उन्हात उलटे करून वाळवा आणि सरळ डॉक्टरकडे जा.

तोंड धुणं आणि ऊन

तोंड दोनदा धुवायचं, सकाळी आणि बाहेरून आल्यावर. फेसवॉश हरभऱ्याएवढा. उन्हाळ्यात दुपारी आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला ठेवल्यासारखं येतं, त्या पाण्याने तोंड धुतलं की कातडी अजून कोरडी पडते, म्हणून मी पहाटेच एक बादली भरून बाथरूममध्ये झाकून ठेवते. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि थोडी ओल असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. उन्हाळ्यात जेलसारखं हलकं, डिसेंबर-जानेवारीत जाडसर क्रीम, कारण आपल्याकडची थंडी पण ऊनासारखीच टोकाची, ओठ फाटून रक्त येतं. "माझी तर तेलकट स्किन, मला मॉइश्चरायझर कशाला" असं म्हणू नका, आपल्या झळांमध्ये तेलकट स्किन पण आतून कोरडी होते.

सनस्क्रीन घेताना दोन गोष्टी बघा, एसपीएफ (यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणाऱ्या किरणांपासून बचावाचा आकडा) ३० किंवा ५०, आणि पीए (यूव्हीए, म्हणजे खोल जाणाऱ्या किरणांपासून बचावाची खूण) याच्या पुढे तीन तरी अधिकची चिन्हं. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी किरणं अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के, म्हणजे फरक एका टक्क्याचा, त्यामुळे १०० लिहिलेल्या महागाच्या मागे लागायची काही गरज नाही. खरा फरक किती लावता त्याने पडतो. पहिलं बोट आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून बुडापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. बहुतेक जणी मसूरडाळीच्या दाण्याएवढं लावतात आणि म्हणतात फायदा नाही होत. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, आणि दिवसभर उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावली तर महिना-दीड महिना पुरते, वर्षभर पुरत असेल तर तुम्ही लावतच नाही आहात असं समजा.

स्कुटीच्या डिकीत ट्यूब ठेवायची नाही. माझी एक लिपस्टिक डिकीत राहिली, बाजारातून येईपर्यंत टोपण उघडलं तर रसच. सनस्क्रीन तसं दिसत नाही एवढंच, उष्णतेने ते पण बिघडतं.

पण खरं सांगू का, आपल्याकडे सनस्क्रीनपेक्षा स्कार्फ आणि सनकोट जास्त काम करतात, आणि शेतात जाणाऱ्या बायांनी तर कायमच डोक्यावरून पदर घट्ट घेतलाय. फक्त कापड बघून घ्या, विरळ पांढऱ्या मलमलमधून ऊन सरळ आत येतं. कापड उजेडासमोर धरा, पलीकडचा बल्ब स्पष्ट दिसला तर ते कापड तोंडाला पुरेसं नाही. गडद रंगाचा, दाट विणीचा कॉटनचा स्कार्फ घ्या. आणि तो धुवा हो! तोंडाचा घाम, धूळ, कालचं क्रीम सगळं त्यातच, तोच आठवडाभर तोंडाला गुंडाळायचा आणि मग गालावर पुटकुळ्या का येतात म्हणून विचारायचं. दोन स्कार्फ ठेवा, एक अंगावर एक दोरीवर.

टिकलीचं पण लक्षात ठेवा. कपाळावर टिकलीच्या जागी खाज सुटली किंवा पांढरट गोल दिसायला लागला तर लगेच टिकली बंद करा, काही टिकल्यांच्या गोंदात असं केमिकल असतं की त्याने त्या जागेचा रंगच जातो. पाकीट बदलून बघते म्हणत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

टाचांना एवढंच, रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, वजरीने हलक्या हाताने घासणं, ओले असतानाच व्हॅसलीन किंवा दहा टक्के युरियावालं क्रीम आणि वरून कॉटनचे मोजे. आठ-दहा दिवसांत फरक. कापूस वेचायला जाणाऱ्यांची बोटं बोंडाच्या टोकांनी चिरतात, त्यांनी हेच हाताला करावं.

केस, म्हणजे खरं तर पाणी

माझं माहेर तापीकाठचं, तिथे केस कसे मऊ असायचे. लग्नानंतर बोअरचं पाणी, सहा महिन्यांत केसांचा काथ्या झाला. मी शाम्पू बदलत बसले, चार शाम्पू झाले, दोष पाण्याचा होता. जड पाण्यात कॅल्शियम असतं, साबणाशी मिळून त्याचा चिकट पांढरा थर होतो, तोच जो आपल्या बादलीला बसतो, तोच केसावर. बादली घासता तशी केसं घासून उपयोग नाही.

करायचं काय, तर केस धुवायला शक्य असेल तेव्हा नळाचं गोड पाणी वापरा. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत, मग नळाच्या दिवशीच केस धुवायचे असं ठरवून टाकलंय. ते जमलं नाही तर निदान शेवटचे दोन तांबे तरी फिल्टरच्या पाण्याचे. शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर एका मोठ्या मगभर पाण्यात टाकून केसावरून सोडलं तर तो थर निघतो, वास वाळल्यावर राहत नाही. पंधरवड्यातून एकदा पुरे. आपल्या आज्या शिकेकाई वापरायच्या ती पण आंबटच, त्यांना केमिस्ट्री माहीत नव्हती पण काम तेच व्हायचं. साबण मात्र डोक्याला नकोच.

शाम्पू टाळूला, कंडिशनर फक्त खालच्या टोकांना. उलटं केलं की टाळू चिकट आणि टोकं काथ्या. तेल धुवायच्या आधी तासभर लावलं तरी खूप झालं, रात्रभर ठेवून उशी खराब करायची गरज नाही. आणि कोंडा असेल तर तेल बंद, तो कोंडा करणारी बुरशी तेलावरच वाढते. स्कार्फ, वर हेल्मेट, आत घाम, म्हणून आपल्या पोरींना कोंडा जास्त. किटोकोनॅझोल दोन टक्केवाला शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस करून तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग धुवायचा, लगेच धुवून टाकला तर पैसे पाण्यात.

केस गळतात म्हणून रडणाऱ्यांना : दिवसाला ५० ते १०० केस जाणं नॉर्मल आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, किंवा डेंग्यू-टायफॉइड होऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ जातात, बघून धडकी भरते, पण बहुतेकींचे वर्षभरात परत येतात. त्या काळात हजार रुपयाच्या तेलापेक्षा रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना रक्त कमी निघालं होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कोणतंही तेल काही करणार नाही. मेथी, शेंगदाणे, तीळ, डाळी रोज खा, वर लिंबू पिळा (तोंडाला लावायचं ते इथे पिळा), आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. आपल्याकडे कळण्याच्या भाकरीनंतर लगेच चहाचा कप येतो तो तासभर पुढे ढकला.

काळी मेंदी म्हणून जी मिळते ती मेंदी नसते. खरी मेंदी केशरी ते तांबूसच रंगते, काळ्या रंगासाठी त्यात पीपीडी नावाचा डाय असतो, त्याची ॲलर्जी झाली तर डोळे सुजून बंद होतात. लग्नाच्या आदल्या दिवशी प्रयोग नको, दोन दिवस आधी कानामागे लावून बघा.

कपडे : मापापासून

फॅशन म्हटलं की सगळ्या रंगावर आणि ट्रेंडवर जातात, मी म्हणते आधी मापावर या. दोनशेची कुर्ती पण खांद्यावर बरोबर बसली तर दोन हजाराची वाटते. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर आली पाहिजे, दंडावर ओघळली की बाई दमलेली दिसते. कंबर-छाती टेलर आत घेऊ शकतो, खांदा नाही, म्हणून विकत घेताना खांदा बघायचा.

आतल्या कपड्यांचं माप तर निम्म्या जणींचं चुकलेलं असतं, कारण दुकानात पुरुष काउंटरवर आणि आपण "३४ द्या" म्हणून पिशवी घेऊन पळतो. घरी इंची टेप घ्या. छातीच्या खाली, बरगड्यांभोवती घट्ट माप घ्या, तो तुमचा बँड. मग छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून सैल माप. दोन्हींतला फरक एक इंच असेल तर कप ए, दोन इंच बी, तीन सी, चार डी. बँड विषम आला तर पुढचा सम आकडा धरा. नवीन घेताना शेवटच्या हुकावर बसली पाहिजे, म्हणजे सैल झाली की आत घ्यायला जागा राहते. माझी पाठदुखी यानेच अर्धी गेली, चौदा वर्षं मी चुकीचं माप घालत होते.

कापडाबद्दल. कापसाच्या जिल्ह्यात राहून आपण पॉलिस्टर घालतो ही गंमतच आहे. दुकानदार सगळ्यालाच कॉटन म्हणतो. घरी आल्यावर शिवणीच्या आतला एक धागा काढा, चिमट्यात धरून काडी लावा (सिंकपाशी, पोरं जवळ नसताना). कॉटन असेल तर कागद जळल्याचा वास आणि राखाडी भुरभुरीत राख, पॉलिस्टर असेल तर वितळून टणक काळा मणी होतो. पुढच्या वेळी त्या दुकानात काय बोलायचं ते कळतं. ब्लाउज-ड्रेसचं कॉटन कापड शिवायला टाकायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि टेलरच्या नावाने शिव्या.

साडी रोज नेसणाऱ्यांनो, परकराची नाडी. कमरेवर काळा वळ, खाज, कधी कधी जखम, हे आपल्याकडे मोठ्या बायांच्या कमरेवर सर्रास दिसतं आणि सगळ्या म्हणतात असंच असतं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन बायांबद्दल लिहिलं, कमरेवर जिथे रोज घट्ट बांधायच्या तिथे बरेच महिने न भरलेल्या जखमेचा कॅन्सर झाला होता. असं फार क्वचित होतं, घाबरायचं नाही, पण न भरणारी जखम अंगावर काढायची नाही. नाडीऐवजी तीन बोटं रुंद पट्टा लावून घ्या, शिवणारी वीस-तीस रुपये घेईल, आणि रोज एकाच जागी बांधू नका, दोन बोटं वर-खाली करत जा.

लग्नसराईचं एकच सांगते, एप्रिल-मे मधलं साडेबाराचं लग्न, मंडपात कूलर नवरदेवाकडे तोंड करून. जड बेस लावला तर हळूहळू मानेवर उतरतो. सनस्क्रीन, त्यावर फक्त डागांपुरतं फाउंडेशन बोटाने दाबून, टी-झोनला (कपाळ, नाक, हनुवटी) पावडर, वॉटरप्रूफ काजळ, आणि पर्समध्ये टिश्यू. घाम टिपायचा, पुसायचा नाही. खोट्या दागिन्यांनी कान-मान खाजत असेल तर ते बहुतेक निकेल, मागच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात मारा, तेवढा दिवस निघतो.

व्यायाम : दहा मिनिटं, खुर्ची आणि भिंत

"आम्ही दिवसभर कामच करतो की, अजून काय व्यायाम?" मी पण हेच म्हणायचे. पण घरकामात आपण एकाच बाजूने वाकतो, तेच तेच स्नायू राबतात आणि पाठ, मांड्या, पोट यांना जोर मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल आणि वर दोन दिवस ताकदीचा व्यायाम. चालणं बऱ्याच जणींचं होतं, ताकदीचं कोणाचंच होत नाही, म्हणून मी इथे तेच सांगतेय.

वेळ पहाटे साडेपाच-सहाची. उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर जाऊ नका, आपला स्लॅब रात्री दहापर्यंत तव्यासारखा असतो. चटई, न घसरणारी खुर्ची, भिंत. ओढणी बाजूला ठेवा, गाऊनवर करू नका, पाय अडकतो, मी पडलेय. आधी दोन मिनिटं जागच्या जागी चालणं आणि हात गोल फिरवणं.

पहिला, खुर्चीवर उठबस. खुर्ची भिंतीला टेकवा. पाय खांद्याएवढे लांब, बोटं जरा बाहेर. आता गुडघे पुढे ढकलून नाही, तर आधी ढुंगण मागे न्यायचं, अंधारात पाट चाचपत बसतो तसं. खुर्चीला नुसता स्पर्श, धपकन बसायचं नाही. टाचा जमिनीवर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने, आत पडू द्यायचे नाहीत. उठताना टाचेत जोर आणि श्वास बाहेर. आठ वेळा. मी हे पहिल्यांदा करत होते तेव्हा सासूबाई दारात येऊन उभ्या, "हाई काय शे व? सकाळी सकाळी काय हागत राहिली का?" मी हसून खुर्चीवर बसलेच. हसू आलं तरी आठ पूर्ण करायचे.

दुसरा, भिंतीवरचे पुशअप. भिंतीपासून हातभर लांब, तळवे छातीच्या उंचीवर, डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका फळीसारखं, कोपर वाकवून नाक भिंतीजवळ, परत. आठ. सोपं वाटायला लागलं की भिंतीऐवजी ओट्याची कड धरा.

तिसरा, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलणं. वर गेल्यावर तीन मोजायचं. दहा वेळा. पाठदुखीवाल्यांनी याच्यापासूनच सुरू करावं.

चौथा, घोडा होऊन उजवा हात पुढे, डावा पाय मागे, मग उलटं. कंबर हलता कामा नये, पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवलाय असं समजा. दोन्ही बाजूंनी पाच-पाच.

शेवटी ओट्याला धरून टाचा उचलणं, पंधरा. हे पोळ्या करता करता पण होतं.

झालं, दहा मिनिटं. एक दिवस करा, एक दिवस सुट्टी. तिसऱ्या आठवड्यापासून तेच दोन फेऱ्या, मग हातात एक-एक लिटरच्या भरलेल्या बाटल्या, म्हणजे एकेका हातात किलोभर, मग पाच किलोची गव्हाची पिशवी छातीशी धरून उठबस. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ते ठीक, पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा. करताना बोलता आलं पाहिजे, गाता आलं नाही तरी चालेल, हे प्रमाण. सिझेरियन झालेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय पोटाचे व्यायाम नाही. शिंकताना-हसताना लघवीचा थेंब जातो अशा खूप बाया आहेत आणि कोणी बोलत नाही, त्यांनी उड्या नकोच. लघवी थांबवतो तसं आतून आवळायचं, पाच मोजून सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे बसमध्ये बसूनही होतं, कोणाला कळत नाही. दोन-तीन महिने तरी चिकाटीने करा, नाही थांबलं तर डॉक्टरला सांगा, त्यावर उपाय आहेत.

आणि वजन रोज करू नका. माझं पहिल्या दोन महिन्यांत फक्त एक किलो उतरलं, पण गॅसचं सिलेंडर एकटी सरकवायला लागले.

उन्हाळ्यात व्यायामाआधी ग्लासभर पाणी. जास्त घाम गेला, डोकं दुखतंय, मळमळतंय असं वाटलं तर घरचं ओआरएस : एक लिटर प्यायच्या पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर उलट बाधतं. बीपी, शुगर, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा. आणि कोणी उन्हातून येऊन बरळायला लागली, अंग तापलं, तर ओआरएस करत बसू नका, सावलीत झोपवा, ओल्या फडक्याने अंग पुसत, पंखा घालत सरळ दवाखान्यात न्या.

भाची परत गेली तेव्हा बॅगेत तीन ट्यूबा आणि दोन स्कार्फ होते, बाकीच्या आठ बाटल्या माझ्याच कपाटात पडल्यात, तिला त्या परत मागायची आठवण झाली नाहीये अजून. सासूबाई आता कुरडयांचा चीक शिजेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलतात, म्हणतात मी तर गंमत करून राहिली. अजून टोकं फाटण्याबद्दल लिहायचं होतं पण खालून आवाज आला, नळ आले, आज केस धुवायचा दिवस.